दडवलेली जबानी : टेड स्टीव्हन्स खटल्यामागचा इतिहास

ऑक्टोबर २००२ मध्ये अलास्काचे सेनेटर टेड स्टीव्हन्स यांनी बिल ॲलन यांना एक चिठ्ठी लिहिली. ॲलन 'व्हेको' या तेलक्षेत्रात काम करणाऱ्या कंपनीचे प्रमुख आणि स्टीव्हन्स यांचे जुने मित्र. अलास्कातल्या गर्डवूड इथल्या आपल्या घराच्या कामाबद्दल आभार मानून सेनेटरांनी बजावलं होतं की बिल पाठवा. मैत्री वेगळी आणि आचारनियम वेगळे.

सहा वर्षांनी हीच चिठ्ठी वॉशिंग्टनच्या फेडरल न्यायालयात खटल्याच्या केंद्रस्थानी आली. सुमारे अडीच लाख डॉलरच्या भेटी, त्यातही मुख्यतः घराचं नूतनीकरण, सेनेटच्या वार्षिक विवरणपत्रांत लपवल्याचे सात आरोप स्टीव्हन्स यांच्यावर होते. बचाव पक्षाला चिठ्ठी हा मोठा आधार वाटत होता. पण ॲलन यांनी साक्षीत सांगितलं की एका सामाईक मित्राने त्यांना बिलाची काळजी करू नका असं सुचवलं होतं, टेड फक्त स्वतःला सांभाळून घेतोय. एका वाक्याने चिठ्ठीचा अर्थ उलटला.

ज्युरीला जे ठाऊक नव्हतं ते असं. १५ एप्रिल २००८ रोजी सरकारी वकिलांनी आणि एफबीआयने ॲलन यांना याच चिठ्ठीबद्दल विचारलं होतं, आणि मित्राशी असं बोलणं झाल्याचं तेव्हा त्यांना आठवत नव्हतं. कामाची खरी किंमत ८० हजार डॉलरच्या आसपास असावी, असंही त्यांनी त्या वेळी सांगितलं होतं. न्यायालयात मात्र 'व्हेको'च्या हिशेबवह्यांतला याहून कितीतरी मोठा आकडा मांडला गेला. ही जबानी बचाव पक्षाला दिलीच नाही. २७ ऑक्टोबर २००८ रोजी ज्युरीने सातही आरोपांत स्टीव्हन्स यांना दोषी ठरवलं. आठच दिवसांनी निवडणूक होती. १९६८ पासून सेनेटमध्ये असलेला हा माणूस चार हजारांहून कमी मतांनी हरला.

नियम नव्हता म्हणून हे घडलं, असं मुळीच नाही. खोटी साक्ष जाणूनबुजून वापरून मिळवलेली शिक्षा राज्यघटनेत बसत नाही, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९३५ मध्येच, कामगार नेते टॉम मूनी यांच्या प्रकरणात म्हटलं होतं. मूनींची त्या निकालाने सुटका झाली नाही. गव्हर्नरांनी माफी दिल्यावर १९३९ मध्ये ते बाहेर आले. पुढचं पाऊल १९६३ चं, 'ब्रॅडी विरुद्ध मेरीलँड'. जॉन ब्रॅडीवर खुनाचा खटला चालला, आणि प्रत्यक्ष खून आपण केल्याची साथीदाराची कबुली फिर्यादी पक्षाने दडवून ठेवली. न्यायालयाने ठरवलं की आरोपीने मागितलेला, त्याला अनुकूल आणि महत्त्वाचा पुरावा दडवला तर न्याय्य प्रक्रियेचा भंग होतो, वकिलाचा हेतू चांगला असो वा वाईट. १९७२ च्या 'जिग्लिओ' निकालाने साक्षीदाराला दिलेली आश्वासनंही यात आली.

मेख होती 'महत्त्वाचा' या शब्दात. १९८५ च्या 'बॅगली' निकालाने त्याची व्याख्या केली: पुरावा उघड झाला असता तर निकाल वेगळा लागण्याची रास्त शक्यता हवी. खटला संपल्यावर मागे वळून पाहणाऱ्या न्यायाधीशाला ही कसोटी लावता येते. पण खटल्याआधी ती कोण लावणार? ज्याला खटला जिंकायचा आहे तोच. शिवाय १९७६ च्या 'इम्बलर' निकालामुळे खटला चालवताना केलेल्या कृत्यांसाठी सरकारी वकिलावर नुकसानभरपाईचा दावाही लावता येत नाही.

भ्रष्टाचाराच्या खटल्यांत ही फट जास्त घातक ठरते. तिथे प्रेत नसतं, हत्यार नसतं. तेच पैसे, तीच वस्तू लाच असू शकते, उसनवारी असू शकते किंवा निव्वळ मैत्रीची भेटही. फरक असतो तो देणाऱ्या-घेणाऱ्याच्या मनात, आणि ते मन उलगडून सांगणारा बहुधा एकच असतो: स्वतः गुन्हा कबूल करून शिक्षेत सवलतीची आस धरलेला साक्षीदार. ॲलन यांनी २००७ मध्ये लाचखोरीची कबुली दिलेली होती. अशा माणसाने आधी काय सांगितलं आणि नंतर काय, यावरच अख्खा खटला उभा राहतो. म्हणून १५ एप्रिलच्या नोंदींना किरकोळ कागद म्हणणं मला शक्य नाही.

प्रकरण उघडं पडलं ते आतूनच. डिसेंबर २००८ मध्ये एका एफबीआय एजंटाने गैरप्रकारांची तक्रार केली. न्यायाधीश एमेट सलिव्हन यांनी या तक्रारीसंबंधीची कागदपत्रं न दिल्यामुळे काही सरकारी वकिलांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल दोषी धरलं, सरकारी वकिलांची नवी तुकडी आली आणि तिला त्या नोंदी सापडल्या. १ एप्रिल २००९ रोजी ॲटर्नी जनरल एरिक होल्डर यांनी खटला मागे घेण्याची विनंती केली. ७ एप्रिलला निकाल रद्द झाला. स्टीव्हन्स ऑगस्ट २०१० मध्ये विमान अपघातात गेले. या दडवादडवीच्या चौकशीसाठी न्यायाधीशांनी नेमलेले वकील हेन्री शूल्की यांचा पाचशेहून अधिक पानांचा अहवाल त्यांना पाहायला मिळाला नाही. पुरावा पद्धतशीरपणे दडवल्याचं २०१२ च्या या अहवालात स्पष्ट म्हटलं होतं. तरीही फौजदारी अवमानाच्या खटल्याची शिफारस त्यात नव्हती. कारण मोडायला आदेशच नव्हता: सरकारी वकिलांच्या शब्दावर विश्वास ठेवून न्यायाधीशांनी पुरावा बचाव पक्षाला देण्याचा स्पष्ट लेखी आदेश काढला नव्हता. दोन सरकारी वकिलांना न्याय खात्याने दिलेली ४० आणि १५ दिवसांची निलंबनंही पुढे प्रक्रियेतल्या चुकीमुळे रद्द झाली.

याच तपासात २००७ मध्ये दोषी ठरलेले अलास्का विधिमंडळाचे सदस्य पीट कॉट आणि व्हिक कोरिंग यांच्याही शिक्षा, पुरावा दडवल्याच्याच कारणाने, २०११ मध्ये अपिलात रद्द झाल्या. दोघांनी नंतर गुन्हा कबूल केला आणि भोगलेला तुरुंगवास पुरेसा मानून ते सुटले. म्हणजे जिथे खटला कदाचित सरळ मार्गानेही टिकला असता, तिथेही दडवादडवीने तो बुडवला.

'आदेशच नव्हता' ही पळवाट बंद व्हायला २०२० उजाडलं. अलास्काचे डॅन सलिव्हन आणि इलिनॉयचे डिक डर्बिन या सेनेटरांनी पुढे आणलेल्या कायद्यानुसार आता प्रत्येक फेडरल फौजदारी खटल्याच्या पहिल्याच सुनावणीत न्यायाधीशाला 'ब्रॅडी'च्या कर्तव्याची आठवण करून देणारा आदेश काढावा लागतो. तो मोडल्यास काय होऊ शकतं, हेही त्यात नमूद करावं लागतं. 'महत्त्वाचा' पुरावा कोणता, याचा पहिला निवाडा मात्र अजूनही सरकारी वकिलाच्याच टेबलावर होतो.