मेफ्लॉवरची माणसं आणि त्यांच्या डोक्यावरचं कर्ज

नोव्हेंबर उजाडला की थँक्सगिव्हिंगच्या सणानिमित्त अमेरिकेतल्या शाळांमधून लहान मुलं कागदाची काळी टोपी घालून घरी येतात. टोपीवर पिवळं बक्कल चिकटवलेलं असतं. तशी बक्कलवाली टोपी १६२० च्या मेफ्लॉवर जहाजावर कुणी घातली नव्हती, ती पुढच्या चित्रकारांची देणगी. टोपीबरोबर गोष्टही घरी येते: काही साधीभोळी, देवभोळी माणसं धर्मस्वातंत्र्यासाठी इंग्लंडहून समुद्र ओलांडून अमेरिकेत गेली, तिथल्या लोकांनी त्यांना मका पेरायला शिकवलं आणि मग सगळे एका पंगतीला जेवले. गोष्ट अगदी खोटी नाही. पण तिच्यातून दोन बाबी हमखास गळतात. ही माणसं गेली ती सावकारांच्या पैशावर, आणि ज्या गावात उतरली ते गाव आधीच मेलेलं होतं.

सुरुवात इंग्लंडातल्या भांडणापासून करावी लागते. १५३४ मध्ये आठव्या हेन्रीने पोपशी नातं तोडलं आणि राजा स्वतःच चर्चचा प्रमुख झाला. एलिझाबेथच्या काळात, १५५९ च्या कायद्याने, रविवारी चर्चला न जाणाऱ्याला १२ पेन्स दंड बसू लागला. सरकारी प्रार्थनापुस्तक, सरकारी बिशप, सरकारी झगे. यातला पोपच्या काळचा उरलासुरला गाळ उपसून टाका, असं म्हणणारे ते प्युरिटन. त्यांना चर्च सोडायचं नव्हतं, धुऊन काढायचं होतं. त्यांच्यातलाच एक छोटा, जास्त हट्टी गट म्हणे की हे धुऊन निघणारं नाही, बाहेर पडा. हे सेपरेटिस्ट. त्यांच्या लेखी चर्च म्हणजे राजाने नेमलेली उतरंड नव्हतीच. आपसात करार करून एकत्र आलेली माणसं हेच चर्च, आणि आपला पाळक निवडायचा हक्कही त्यांचाच. राजा जिथे चर्चचा प्रमुख, तिथे हे बोलणं राजद्रोहात जमा होणारच. १५९३ मध्ये हेन्री बॅरो, जॉन ग्रीनवुड आणि जॉन पेन्री या तिघांना फाशी झाली.

मंडळीने स्वतःचा कारभार स्वतः पाहायचा, ही काँग्रिगेशनल पद्धत आपल्याकडेही पोचली आहे, म्हणून थोडं विषयांतर. १८१३ मध्ये मुंबईत उतरलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे मिशनरी मॅसॅच्युसेट्सच्या काँग्रिगेशनल मंडळींनी १८१० मध्ये काढलेल्या संस्थेचे. त्यांच्यातून अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं, नगरला १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' निघालं, आणि याच मिशनच्या मिस फॅरार यांची नगरची मुलींची शाळा जोतीराव फुल्यांनी १८४८ मध्ये पाहिली. न्यू इंग्लंडच्या (म्हणजे मॅसॅच्युसेट्स ज्यात येतं त्या ईशान्य अमेरिकेच्या) त्या चर्चची एक फांदी अशी थेट मराठीत आली.

आता स्क्रूबीकडे. नॉटिंगहॅमशरमधलं हे खेडं उत्तरेकडे जाणाऱ्या शाही टपालरस्त्यावर होतं. तिथला टपाल अधिकारी विल्यम ब्रूस्टर. घोडे बदलून देणं, सरकारी निरोप्यांची सोय बघणं हे त्याचं काम. त्याच्या राहत्या वाड्यात सेपरेटिस्टांची प्रार्थना भरे, आणि वाडा होता यॉर्कच्या आर्चबिशपच्या मालकीचा! बिशप नकोत म्हणणाऱ्यांची सभा बिशपच्याच छपराखाली. जॉन रॉबिन्सन त्यांचा पाळक. शेजारच्या ऑस्टरफील्डचा एक पोरका मुलगा, विल्यम ब्रॅडफर्ड, तिथे येऊ लागला. पुढची बरीचशी हकीकत आपल्याला कळते ती त्याच्याच लेखणीतून.

पहिला जेम्स गादीवर आल्यावर जाच वाढला आणि या मंडळींनी हॉलंड गाठायचं ठरवलं. परवानगीशिवाय देश सोडणं गुन्हा. १६०७ मध्ये लिंकनशरच्या बॉस्टनजवळ त्यांनी एक जहाज ठरवलं. कप्तानाने पैसे घेतले आणि यांनाच पकडून दिलं. पुढच्या वर्षी हंबर खाडीच्या काठी पुन्हा प्रयत्न. बायका-मुलांची होडी ओहोटीत चिखलात रुतली, तेवढ्यात हत्यारबंद जमाव आला, आणि डच कप्तानाने निम्मेअर्धे पुरुष चढलेले असतानाच नांगर उचलला. नवरे समुद्रात, बायका काठावर. अखेर तुकड्यातुकड्यांनी सगळे हॉलंडला पोचले. आधी अ‍ॅमस्टरडॅम, मग १६०९ मध्ये लायडन.

लायडनमध्ये त्यांना कुणी छळलं नाही. हे ठासून सांगायला हवं, कारण शाळेतली गोष्ट नेमकी इथे गडबडते. धर्मस्वातंत्र्य त्यांना हॉलंडात मिळालेलंच होतं. नव्हता तो पैसा. शेतीवरची माणसं कापडाच्या धंद्यात शिरली. ब्रॅडफर्ड स्वतः विणकर झाला. मुलांनाही कामाला जुंपावं लागे आणि ती अकाली वाकत. शिवाय ती डच बोलू लागली, डच वळणाची होऊ लागली, काही पळून सैन्यात किंवा जहाजावर गेली. (परदेशात मुलं वाढवणाऱ्या कुठल्याही मराठी आईबापाला ही धास्ती वेगळी समजावून सांगायला नको.) स्पेन आणि हॉलंडमधला बारा वर्षांचा तह १६२१ मध्ये संपणार होता. त्यातच ब्रूस्टरने राजाला झोंबणारी पुस्तकं छापली, आणि इंग्लंडचा राजदूत त्याच्या मागे लागल्यावर त्याला १६१९ मध्ये लपून बसावं लागलं.

म्हणून अमेरिका गाठायचं ठरलं. मग पैसा उभा केला कुणी? थॉमस वेस्टन नावाच्या लंडनच्या व्यापाऱ्याने सत्तरेक गुंतवणूकदार जमवले. भागभांडवल कंपनी, एक भाग दहा पौंडांचा. १६ वर्षांवरचा प्रत्येक जाणारा माणूस स्वतःच एक भाग. सात वर्षं सगळ्यांनी कंपनीसाठी राबायचं, मग नफा आणि मालमत्ता वाटून घ्यायची. आठवड्यातले दोन दिवस स्वतःच्या कामाला, आणि घर व परसबाग वाटणीबाहेर, असं आधी बोलणं झालं होतं. ऐन वेळी वेस्टनने दोन्ही अटी काढून टाकल्या. साउदॅम्प्टनच्या धक्क्यावर मंडळींनी सही नाकारली. वेस्टन चिडून हात झटकून निघून गेला. बंदरातली देणी भागवायला प्रवासासाठी घेतलेलं लोणी विकावं लागलं.

पुढचं बरंच लोकांना ठाऊक असतं. हॉलंडहून आलेलं छोटं जहाज, स्पीडवेल, दोनदा गळलं आणि दोनदा सगळ्यांना परतावं लागलं. शेवटी एकटी मेफ्लॉवर ६ सप्टेंबर १६२० ला इंग्लंडमधल्या प्लिमथहून निघाली (तारखा तिथल्या तेव्हाच्या पंचांगाच्या, आजच्या हिशेबात दहा दिवस मिळवायचे). प्रवासी १०२. त्यांत लायडनची मंडळी निम्म्याहूनही कमी. उरलेले गुंतवणूकदारांनी भरती केलेले, शिवाय नोकरचाकर. उशीर झाल्यामुळे ऐन वादळाच्या दिवसांत अटलांटिक गाठला. मधली एक मुख्य तुळई तडकली, तेव्हा हॉलंडहून बरोबर घेतलेल्या भल्यामोठ्या लोखंडी स्क्रूने ती वर उचलून सावरली. जॉन हाउलंड हा तरुण नोकर लाटेने समुद्रात फेकला गेला आणि लोंबणारा शिडाचा दोर हाताला लागला म्हणून वाचला. वाटेत एक प्रवासी गेला आणि एक मूल जन्मलं. त्याचं नाव ओशनस.

त्यांना 'पिल्ग्रिम' म्हणायचा प्रघात बराच नंतरचा. हॉलंड सोडतानाच्या निरोपाचं वर्णन करताना ब्रॅडफर्डने तो शब्द वापरला. संदर्भ बायबलमधल्या इब्री लोकांस पत्राचा. मराठीत आपण त्यांना यात्रेकरू म्हणतो खरं, पण आपल्याकडच्या यात्रेत घरी परतणं धरलेलंच असतं. वारकरीसुद्धा आषाढी झाली की शेताकडे वळतो. हे लोक परतीचा विचार न करता निघाले होते.

वसाहतीचा परवाना होता व्हर्जिनियाच्या उत्तर टोकाचा, हडसन नदीच्या मुखाकडचा. जहाज पोचलं त्याच्याही उत्तरेला, केप कॉडला. दक्षिणेकडे जाऊ पाहिलं तर उथळ पाण्यातल्या वाळूच्या दांड्यांनी आणि लाटांनी परतवलं. परवान्याच्या हद्दीबाहेर आल्याचं कळताच भरतीच्या माणसांतले काही म्हणू लागले की आता आमच्यावर हुकूम चालवायचा कुणाला अधिकार नाही. म्हणून ११ नोव्हेंबरला जहाजावरच ४१ पुरुषांनी एका छोट्या करारावर सह्या केल्या: आपण मिळून एक नागरी समाज बनवतो आणि त्याचे कायदे पाळतो. याला पुढे लोकशाहीची गंगोत्री वगैरे म्हटलं गेलं. कागद राजा जेम्सच्या निष्ठेने सुरू होतो, आणि तो लिहिण्याचं कारण होतं होऊ घातलेलं बंड. पण चर्च करारातून उभं राहतं असं मानणाऱ्यांना गावही करारातून उभं करावंसं वाटलं, यात नवल नाही.

किनाऱ्यावर उतरल्यावर त्यांना जमिनीत पुरलेल्या टोपल्यांमध्ये मका सापडला. तो त्यांनी घेतला. तेच पुढच्या वर्षीचं बियाणं. पैसे पुढे चुकते केले. डिसेंबरात वसाहतीची जागा ठरली, तिचंही नाव प्लिमथच: झाडं तोडलेली, शेतं कसलेली, गोड्या पाण्याचा ओढा. इतकी तयार जागा मोकळी कशी? ते होतं पॅटक्सेट, तिथल्या मूळच्या वॅम्पनोआग लोकांचं गाव. १६१६ ते १६१९ च्या दरम्यान युरोपीय जहाजांबरोबर आलेल्या साथीने तो किनारा साफ केला होता. ब्रॅडफर्ड आणि त्याच्या सोबत्यांना यात ईश्वरी योजना दिसली.

तो हिवाळा मात्र त्यांच्यावरही उलटला. वसंत येईपर्यंत निम्मी माणसं गेली.

मार्च १६२१ मध्ये सॅमोसेट नावाचा एक माणूस वस्तीत चालत आला आणि इंग्रजीत स्वागत म्हणाला. त्याच्यामागून टिस्क्वांटम आला, तो खुद्द पॅटक्सेटचा. थॉमस हंट नावाच्या इंग्रज कप्तानाने १६१४ मध्ये त्याला पळवून स्पेनमध्ये मालागाला विकायला नेलं होतं. तिथून तो लंडनला, मग न्यूफाउंडलंडला, आणि १६१९ मध्ये घरी आला तेव्हा गावात कुणी उरलं नव्हतं. मक्याच्या बियाण्याखाली मासळी पुरायची हे त्यानेच दाखवलं. वॅम्पनोआगांचा प्रमुख ऊसामेक्विन, ज्याला इंग्रज मॅसासॉइट म्हणत, त्याने वसाहतीशी तह केला तो काही भाबडेपणाने नव्हे. साथीने त्याची माणसं संपली होती, शेजारचे नॅरगॅन्सेट धडधाकट होते. बंदुका असलेला सोबती त्याला हवा होता.

त्या शरदातली मेजवानी, म्हणजे शाळेतल्या गोष्टीतली ती पंगत, तीन दिवस चालली. ऊसामेक्विन ९० माणसं घेऊन आला आणि त्यांनी पाच हरणं आणली. इंग्रज उरले होते पन्नासेक. वसाहतीतल्या एडवर्ड विन्स्लोच्या पत्रात पक्ष्यांची शिकार आहे, पण आज या सणाला हमखास लागणाऱ्या टर्कीचं नाव नाही.

थोड्याच दिवसांत फॉर्च्युन जहाज आलं: ३५ नवी तोंडं, शिधा जवळपास नाहीच, आणि वेस्टनचं खरमरीत पत्र, मेफ्लॉवर रिकामी परत का पाठवली म्हणून. निम्मी माणसं पुरलेल्या वस्तीला हा जाब! तरी त्यांनी अटी मान्य केल्या आणि बीव्हर या पाणथळीतल्या प्राण्याची कातडी व लाकूड मिळून सुमारे ५०० पौंडांचा माल भरून दिला. तो फ्रेंचांनी वाटेत लुटला. सामायिक शेतीत कुणाचं मन लागेना, म्हणून १६२३ मध्ये प्रत्येक घराला मक्यासाठी वेगळा तुकडा दिला आणि पीक वाढलं. १६२० च्या दशकाच्या अखेरीस गुंतवणूकदारांचे भाग १८०० पौंडांना विकत घ्यायचं ठरलं; ब्रॅडफर्ड, ब्रूस्टर, विन्स्लो अशा आठ वसाहतवाल्यांनी ते कर्ज बीव्हरच्या व्यापाराच्या हक्कांच्या बदल्यात डोक्यावर घेतलं. ते फिटता फिटेना. हिशेबाची भांडणं १६४० च्या दशकापर्यंत चालली.

तोवर शेजारी चित्रच बदललं होतं. १६३० पासून जॉन विन्थ्रॉपच्या मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीत प्युरिटनांची रीघ लागली. दहाएक वर्षांत सुमारे २०,००० माणसं. त्यांना मका आणि गुरं लागत, गुरांना कुरणं, म्हणजे जमीन. बीव्हर संपत आले तशी वॅम्पनोआगांकडे विकण्यासारखी जमीनच राहिली. ऊसामेक्विन होता तोवर तह टिकला. त्याचा मुलगा मेटॅकॉम १६७५ मध्ये लढाईला उभा राहिला. पुढच्या वर्षी तो मारला गेला आणि त्याचं मुंडकं प्लिमथमध्ये खांबावर लावलं, ते वर्षानुवर्षं तिथेच होतं. त्याचा लहान मुलगा कैदेत होता. बापाच्या गुन्ह्यासाठी मुलाला मारावं की नाही, यावर पाद्र्यांनी बायबलमधली वचनं काढून एकमेकांना पत्रं लिहिली. शेवटी ऊसामेक्विनच्या या नातवाला १६७७ मध्ये गुलाम म्हणून विकून टाकलं.