दुधाच्या दातात साठलेलं शिसं

लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये १९०२ साली जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने काही मुलांबद्दल व्याख्यानं दिली. ही मुलं मंदबुद्धी नव्हती, पण कशातच त्यांचं लक्ष टिकत नसे, राग आवरत नसे, शिक्षा केली तरी पुन्हा तेच. स्टिल यांनी याला नैतिक नियंत्रणातला दोष म्हटलं. एडीएचडीचा, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा या विकाराचा, इतिहास सांगताना बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९०४ मध्ये, ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये लॉकहार्ट गिब्सन नावाचे डोळ्यांचे डॉक्टर घरांच्या व्हरांड्याच्या कठड्यांकडे बोट दाखवत होते. लंडनला मुलाचा स्वभाव तपासला जात होता आणि ब्रिस्बेनला त्याच्या हाताला लागलेली, शिसं असलेल्या रंगाची भुकटी. या दोन वाटा एकमेकींना मिळायला सत्तर वर्षं लागली. माझ्या मते या विषयातलं सगळं दुःख त्या सत्तर वर्षांत साठलेलं आहे.

ब्रिस्बेनमधल्या डॉक्टरांकडे १८९०च्या दशकापासून अशी मुलं येत होती, ज्यांच्या पोटात असह्य कळा येत, पाय लुळे पडत, काहींची नजरही जाई. हा प्रकार शिशाच्या विषबाधेचा आहे हे लक्षात आलं, पण शिसं येतं कुठून ते कळेना. गिब्सन यांना ते रंगात सापडलं. तिथली घरं लाकडी, त्यांना शिशाच्या सफेद्याचा रंग. कडक उन्हाने कठड्यावरच्या रंगाची भुकटी व्हायची. मूल कठड्याला धरून उभं राहायचं, तळहाताला पांढरी पूड लागायची आणि मग तोच हात तोंडात जायचा. अंगठा चोखणारी, नखं खाणारी मुलं जास्त आजारी पडत होती. क्वीन्सलंडमध्ये १९२२ साली कायदा झाला आणि मुलांचा हात पोचेल अशा जागी शिशाचा रंग द्यायला बंदी आली. एवढं स्पष्ट उत्तर हाती असताना अमेरिकेत घरांच्या रंगातून शिसं हद्दपार व्हायला १९७८ उजाडलं.

मधल्या काळात शिसं हवेतही सोडलं गेलं. इंजिनाचा ठोका (इंधन अवेळी पेटून होणारा खडखडाट) घालवण्यासाठी पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड हे शिशाचं रसायन घालायची कल्पना जनरल मोटर्समधल्या थॉमस मिजली यांना १९२१ मध्ये सापडली आणि १९२३ पासून तसं पेट्रोल पंपावर मिळू लागलं. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीच्या बेवे इथल्या शुद्धीकरण कारखान्यात हे रसायन हाताळणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. पुढच्या मे महिन्यात सरकारने परिषद बोलावली. कामगारांच्या आजारांच्या तज्ज्ञ डॉक्टर ॲलिस हॅमिल्टन आणि येल विद्यापीठाचे यँडेल हेंडरसन यांनी तिथे ठणकावून विरोध केला. उद्योगाची बाजू रॉबर्ट किहो मांडत होते: अपाय होतो हे आधी सिद्ध करा, मग बघू. थांबलेली विक्री पुन्हा सुरू झाली. धोका सिद्ध करायची जबाबदारी अशी धोका सोसणाऱ्यांच्या गळ्यात पडली, आणि ते सोसणारे बहुतेक पाळण्यातले होते.

लहान मूल गिळलेल्या शिशापैकी निम्म्यापर्यंत शोषून घेऊ शकतं, मोठ्या माणसाच्या अंगात गिळलेल्यापैकी एक दशांशाच्या आसपास जातं. शरीरात गेल्यावर शिसं कॅल्शियमचं सोंग घेतं. त्यामुळे त्याला हाडात जागा मिळते, वार (गर्भाला आईकडून पोषण पोचवणारा अवयव) ओलांडून गर्भापर्यंत जाता येतं आणि मेंदूतही शिरता येतं. मेंदूपेशी एकमेकींना निरोप देतात त्या यंत्रणेतच ते गोंधळ घालतं. कपाळामागचा जो भाग आपल्याला 'थांब, आधी हे पुरं कर' असं सांगतो, त्याची घडण विशीपर्यंत चालू असते, म्हणून त्याला झळ लागायची मुदतही लांब.

मूल जिवानिशी वाचलं म्हणजे बरं झालं, अशीच १९४०पर्यंत डॉक्टरांची समजूत होती. बोस्टनमधल्या रँडॉल्फ बायर्स आणि एलिझाबेथ लॉर्ड यांनी ती १९४३ मध्ये मोडून काढली. शिशाच्या विषबाधेतून 'बरी होऊन' घरी गेलेल्या २० मुलांचा त्यांनी माग काढला. त्यातली १९ शाळेत रखडत होती. कुणी एका जागी बसत नव्हतं, कुणी भडकलं की आवरत नव्हतं. शाळेच्या नजरेत ती वाह्यात मुलं होती. त्यांच्या दवाखान्याच्या कागदांवर काय लिहिलंय हे शाळेला ठाऊक असायचं कारणच नव्हतं.

मग प्रश्न उरला तो कधीच आजारी न पडलेल्या मुलांचा. इथे अडचण मोजमापाची होती. रक्तातलं शिसं गेल्या काही आठवड्यांचा हिशेब देतं. दोन वर्षांच्या बाळाने काय गिळलं ते सात वर्षांच्या मुलाच्या रक्तात दिसेलच असं नाही. हर्बर्ट नीडलमन या मनोविकारतज्ज्ञाला यावर जी वाट सुचली, तिचं मला आजही अप्रूप वाटतं. पडलेला दुधाचा दात! दात गर्भातच घडायला लागतो आणि त्याच्या दंतिनात, म्हणजे आतल्या कठीण थरात, शिसं अडकून राहतं. म्हणजे सात वर्षांचं मूल आपल्या बाळपणाची नोंद तोंडात घेऊन फिरत असतं आणि एक दिवस ती आपोआप गळून हातात येते.

मॅसॅच्युसेट्समधल्या चेल्सी आणि समरव्हिल या गावांतल्या पहिली-दुसरीच्या मुलांकडून नीडलमन यांनी असे दात मिळवले. दात पडल्याची खरोखरच खूण आहे ना, हे शिक्षकांनी तोंडात बघून घ्यायचं. याच शिक्षकांना प्रत्येक मुलाबद्दल ११ साधे प्रश्न विचारले: लक्ष विचलित होतं का? हातातलं काम अर्धवट सोडतो का? तंद्रीत असतो का? एकापाठोपाठ सांगितलेल्या सूचना पाळता येतात का? दातात किती शिसं निघालं याची शिक्षकांना कल्पना नव्हती. अशा २,१४६ मुलांची उत्तरं दातांशी ताडून पाहिली, तेव्हा शिसं जसं चढत गेलं तशा तक्रारीही चढत गेलेल्या दिसल्या. हा निबंध १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. लंडनची वाट आणि ब्रिस्बेनची वाट इथे मिळाल्या, असं मी मानते. १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या ऑलिव्हर डेव्हिड यांनी अतिचंचल मुलांमध्ये शिसं जास्त आढळल्याचं लिहिलं होतं, पण इतक्या मोठ्या संख्येने आणि आजारी नसलेल्या मुलांवर ते कुणी दाखवलं नव्हतं.

नीडलमन यांना याची किंमत मोजावी लागली. १९९१ मध्ये त्यांच्यावर शास्त्रीय गैरव्यवहाराचा आरोप झाला. त्यांनी खुली सुनावणी मागून घेतली आणि त्यात गैरव्यवहार सिद्ध झाला नाही. दरम्यान हवेने साक्ष दिलीच होती: १९७६ ते १९८० या काळात अमेरिकेत पेट्रोलमधलं शिसं कमी होत गेलं, तसं लोकांच्या रक्तातलं सरासरी शिसं ३७ टक्क्यांनी उतरलं. पेट्रोल पंपावरून ते जगभर हटायला मात्र जुलै २०२१ उजाडलं. शेवटचा देश अल्जीरिया.

शिशाने घालून दिलेल्या वाटेने मग इतर गोष्टींचा तपास झाला. उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर देवमाशाचं मांस खाणाऱ्या आयांच्या मुलांमध्ये त्या मांसातल्या पाऱ्याचा परिणाम अवधानावर आणि स्मरणावर दिसला. कॅलिफोर्नियातल्या सलिनास खोऱ्यात शेतमजूर मातांच्या मुलांमध्ये ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशकांचा संबंध तपासला गेला. साउथॅम्प्टनच्या २००७ मधल्या खाद्यरंगांवरच्या प्रयोगानंतर युरोपात ठरावीक सहा रंग असलेल्या पदार्थांच्या वेष्टनावर मुलांच्या लक्षाबद्दलचा इशारा छापणं २०१० पासून सक्तीचं झालं. पुरावा सगळीकडे सारखाच भक्कम नाही. गरोदरपणातल्या धूम्रपानाचा संबंध आधी ठळक दिसला, पण भावंडांची तुलना केल्यावर त्यातला बराचसा भाग अनुवंशिकतेच्या खात्यात गेला.

अनुवंशिकतेचा वाटा एडीएचडीत मोठाच आहे, सत्तर टक्क्यांच्या वर. हे मी मुद्दाम सांगते, कारण असं काही वाचलं की आया स्वतःला दोष देत बसतात. भरपूर मुलांच्या चंचलपणाचा शिशाशी काहीही संबंध नसतो. तरी अनुवंशिकता आणि परिसर एकमेकांना छेद देतात असंही नाही: शरीरातल्या लोहाचा व्यवहार सांभाळणारा जनुक वेगळा असेल, तर तेवढ्याच शिशाचा परिणाम एका मुलावर जास्त होतो आणि दुसऱ्यावर कमी, असं दिसून आलं आहे.

रक्तात किती शिसं असलं की काळजी करायची, ही अमेरिकेतली मर्यादा १९६०च्या दशकात डेसिलिटरमागे ६० मायक्रोग्रॅम होती. ती ४०, ३०, २५, १०, ५ अशी उतरत २०२१ मध्ये ३.५ वर आली. युनिसेफच्या २०२० मधल्या अहवालानुसार जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात ५ किंवा त्याहून जास्त शिसं आहे.

अंगात शिरलेलं शिसं औषधाने काढता येतं का, हे अमेरिकेत ७८० लहान मुलांवर पाहिलं गेलं. निम्म्यांना सक्सिमर हे औषध दिलं, उरलेल्यांना औषध नसलेली कॅप्सूल. सक्सिमर घेतलेल्या मुलांच्या रक्तातलं शिसं खाली आलं. निष्कर्ष २००१ मध्ये छापून आले: तीन वर्षांनी बुद्धीच्या आणि वागणुकीच्या चाचण्या घेतल्या, तेव्हा दोन्ही गटांतली मुलं सारखीच निघाली.