हिंगण्याची धूळ, सदरची धूळ

नागपूरच्या दोन भागांतली हवा ताडून बघायची तर आधी एक जुना हिशेब समजून घ्यावा लागतो.

हवा-पाण्यावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था १९५८ पासून आपल्याच गावात आहे. १९७४ मध्ये तिला 'नीरी' हे आजचं नाव मिळालं, आणि त्याच वर्षी शहराच्या उत्तरेला कोराडीच्या कोळशावरच्या वीजकेंद्राचा पहिला संच सुरू झाला. हवेचा कायदा मात्र १९८१ चा. देशभर नियमित मोजणी सुरू झाली ती १९८४ पासून.

तेव्हाचं यंत्र साधं. पंप हवा ओढतो, धूळ फिल्टरवर साचते, आधीच्या आणि नंतरच्या वजनातला फरक म्हणजे धूळ. आठवड्यातून दोन दिवस, वर्षाला १०४ नोंदी. पण या मोजणीत सगळंच एकत्र यायचं. रस्त्यावरची माती, कोळशाची राख, डिझेलचा धूर, सारं 'तरंगते कण' या एकाच रकान्यात. आपल्या उन्हाळ्यात नुसत्या कोरड्या मातीनंही हा आकडा फुगतो. फुप्फुसात खोलवर उतरतात ते बारीक कण, आणि नेमके तेच त्या ढिगात झाकले जात.

खरी मेख १९९४ च्या मानकांत होती. श्वासावाटे आत जाणाऱ्या १० मायक्रॉनपर्यंतच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कणांना निवासी भागात वर्षाची सरासरी मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम, औद्योगिक भागात १२०. एकूण तरंगत्या कणांना १४० आणि ३६०. म्हणजे वर्षाची सरासरी १०० आली, तर सदरसारख्या निवासी भागात हवा वाईट ठरायची आणि हिंगण्याच्या एमआयडीसीत तीच हवा चालून जायची! एमआयडीसीच्या कुंपणाला लागून माणसं राहतात, त्यांची मुलं तिथेच खेळतात. फुप्फुसाला औद्योगिक क्षेत्र कळत नाही. ही दुहेरी मोजपट्टी १५ वर्षं टिकली, हे मला आजही खटकतं.

नोव्हेंबर २००९ मध्ये ती गेली. उद्योग असो की वस्ती, पीएम १० ला, म्हणजे त्याच १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांना, वार्षिक ६०, आणि पहिल्यांदाच पीएम २.५ ला, म्हणजे २.५ मायक्रॉनपर्यंतच्या आणखी बारीक कणांना, ४०. तरंगत्या कणांचा जुना रकाना मानकांतून वगळला गेला. २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात मानकं न गाठणाऱ्या शहरांच्या यादीत नागपूरही आलं. पुढे सिव्हिल लाइन्सच्या जोडीला अंबाझरी, महाल, रामनगर इथेही स्वयंचलित केंद्रं आली. ती तासातासाचा आकडा देतात.

म्हणून जुना तक्ता हाती आला तर 'मर्यादेत' हा शेरा सोडून थेट आकडा वाचावा. कण कोणते, तेही बघावं. आणि महालातला डिसेंबर अंबाझरीच्या जुलैशी जोडू नये. पावसानं धुतलेली हवा आणि थंडीत जमिनीलगत कोंडलेली हवा यांत जागेपेक्षा ऋतूचाच फरक जास्त दिसतो.