शिमग्याचं जुनेर

फाल्गुन लागला की बेळगावच्या गणपत गल्लीत पांढरे कुडते लटकायला लागतात. छातीवर आधीच रंगाचे शिंतोडे छापलेले, म्हणजे रंग खेळायच्या आधीच खेळून आल्यासारखे. हात लावला तर कापड निसरडं लागतं आणि उन्हाकडे धरलं तर पलीकडचा रिक्षावाला दिसतो. तरी खपतात. घरोघरी पोरींचा त्या आठवड्यातला प्रश्न एकच: रंगाला काय घालू?

माझ्या आजीला हा प्रश्न आयुष्यात पडला नाही. तिच्या ट्रंकेच्या तळाशी एक लुगडं ठरलेलं असायचं. काठ विरलेला, पदराला दोन ठिगळं. त्याला ती ‘शिमग्याचं जुनेर’ म्हणायची. निवड वगैरे काही नाही. वर्षभरात जे सर्वांत आधी फाटायला आलं, ते रंगाच्या वाट्याला. मग ‘काय घालू’ हा प्रश्न आला कुठून? बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी घरांतल्या बायकांचे कपडे जसे बदलत गेले, तसा हा प्रश्नही हळूहळू तयार झाला.

आधी रंगाच्या दिवसाबद्दल, कारण इथे दिवसही एक नाही. बेळगाव शहरात धुळवडीलाच रंग होतो. पांगुळ गल्लीत अश्वत्थामा मंदिरापाशी त्याच दिवशी भाविक रंगाच्या चिखलातून लोटांगण घालतात. पण रेल्वेचे रूळ ओलांडून शहापूरला या, तिथे पंचमीची वाट बघतात. १९४८ पर्यंत शहापूर हे सांगलीकर पटवर्धनांच्या संस्थानात होतं आणि पटवर्धनी रिवाजात रंगाचा मान फाल्गुन वद्य पंचमीला. बेळगाव तेव्हा इंग्रजांच्या मुलखात. संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, १९५६ साली दोन्ही भाग म्हैसूर राज्यात गेले, पुढे त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं, २०१४ ला गावाचं नाव बेळगावी झालं. पंचमी मात्र हलली नाही. जिचं माहेर शहरात आणि सासर शहापुरात, तिला पाच दिवसांत दोनदा रंगायला लागतं. तिच्या जुनेराला दोनदा टिकायला लागतं.

ते जुनेर बहुतेक वेळा गावातलंच असे. शहापूर, वडगाव, खासबाग हे विणकरांचे भाग. आधी हातमाग, मग यंत्रमाग. गल्लीतून चालताना मागांची खटखट अजूनही काही ठिकाणी ऐकू येते. शहापुरी लुगडी एके काळी पार कोकणापर्यंत जायची. सुताची सोयही लांब नव्हती: गोकाकच्या धबधब्यावर पाण्याच्या जोरावर चालणारी सूतगिरणी १८८० च्या दशकातच उभी राहिली. पूर्वेकडून इरकल यायचं, गुळेदगुड्डचे खण यायचे. इरकलाचं अंग सुती असलं तरी पदर रेशमी, आणि तो अंगाच्या ताण्याला ‘टोपी-तेणी’ नावाच्या पद्धतीने जोडलेला. म्हणून कितीही जुनं झालं तरी चांगलं इरकल रंगाला काढायला बायकांचं मन होत नसे. सुती अंगावरचा डाग धुवून फिका पडतो. रेशमी पदरावर गुलाबी बसला की बसला.

आता नेसण्याकडे येऊ, कारण सगळी गंमत तिथे आहे. १८८४ साली मुंबई सरकारने काढलेल्या बेळगाव जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये जातवार बायकांचा पोशाख नोंदवलाय. साहेबाची नजर एका गोष्टीवर सारखी जाते: ही बाई लुगड्याचा सोगा पायांतून मागे घेते की नाही? म्हणजे कास्टा घालते की गोल नेसते. मराठा, ब्राह्मण घरांत कास्टा; लिंगायत आणि इतर बऱ्याच कानडी घरांत गोल. त्याला हा जातिभेदाचा मुद्दा वाटला असणार. मला तो पळण्याचा मुद्दा वाटतो. नऊ वारांचं लुगडं म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. कास्टा घातला की त्याची विजार होते. पाय मोकळे, पदर कमरेला खोचलेला, हात मोकळे. शेतात चिखलणी करणारी बाई ज्या कारणासाठी ते नेसते, त्याच कारणासाठी ते रंगालाही चालतं. शिवाय मांड्यांवर, कमरेवर कापडाचे थरावर थर येतात. भिजलं तर जड होतं, बादलीभर पाणी ओढत चालल्यासारखं. पण आरपार काही दिसत नाही. वर खणाची चोळी, पुढे गाठ मारलेली, दाट विणीची. आरामदायी कपडा म्हणून आज कुणी नव्याने शोधायला बसलं तरी याहून फार वेगळं काही सुचणार नाही. कुमारिकांना परकर-पोलकं, परकर वर ओढून कमरेला खोचला की झालं.

पण हे सगळं घालून आजी खेळायची कुठे? परसात. न्हाणीच्या दगडापाशी, विहिरीवर, फार तर शेजारच्या वाड्याच्या चौकात. जावा-जावा, नणंद-भावजय, आणि दिराला एकट्याला गाठून त्याच्या डोक्यावर घागर. रस्ता त्या दिवशी पुरुषांचा. तिथे हलगी, बोंबा, शिव्या, आणि बायकांनी दार लोटून घ्यायचं. त्यामुळे कपडा सोयीचा असला तरी त्याची परीक्षा फार कडक नव्हती. बघणारे घरातलेच होते.

आणि घरातल्याही सगळ्या बायका त्यात नव्हत्या, हे विसरून चालणार नाही. आलवणातल्या नाहीतर पांढऱ्या लुगड्यातल्या, म्हणजे विधवा बाईला रंग नाही. आमच्या वाड्यात एक म्हातारी होती; पंचमीला ती माडीवर जाऊन बसायची आणि खाली कोण कुणाला रंगवतंय ते वरून ओरडून सांगायची. तिच्यावर थेंब उडाला तर उडवणाऱ्यालाच ओशाळं व्हायचं. आज जो पांढरा कुडता रंगाचा गणवेश म्हणून विकला जातो, तो पांढरा रंग आमच्या आजीच्या पिढीला म्हणूनच खुपला. तरुण पोरीने सणाला पांढरं? २०२२ साली इथून जवळच, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि सगळीकडे त्याची चर्चा झाली. बातमी वाचताना मला ती माडीवरची म्हातारीच दिसत होती.

उघड्यावर बायका पाण्यात उतरायच्या असा एक प्रकार या भागात होता: ओकळी. उन्हाळ्यात, विशेषतः हनुमंताच्या जत्रेत, देवळापुढे खड्डा नाहीतर हौद भरायचा, पुरुषांनी रंगीत पाणी मारायचं आणि बायकांनी पिळलेल्या ओल्या कापडाचे फटके द्यायचे. ऐकायला मजेशीर वाटतं. पण काही गावांत त्या हौदापाशी उभ्या केल्या जाणाऱ्या बायका ठरावीक दलित घरांतल्याच असत, आणि पाणी मारणारे वरच्या आळीतले. भिजलेल्या कापडातल्या बाईकडे गावाने बघायचं, हाच त्यातला खेळ होता. दलित आणि महिला संघटनांनी त्याविरुद्ध आवाज उठवला तो म्हणूनच. रंगाच्या कपड्यात ‘आराम’ म्हणजे नुसतं मऊ कापड नव्हे, हे ज्यांना कळायचं होतं त्यांना ओकळीवरून कधीच कळलं होतं.

सहावारी आली आणि गणित बिघडलं. साडेपाच मीटर कापड, आत परकर, कास्टा नाही. गोल नेसलेलं पातळ पायांत अडकतं, भिजलं की पोटऱ्यांना चिकटतं, आणि परकराची नाडी ओली झाली की तिची गाठ दातांनी सोडावी लागते. त्यातच साठ-सत्तरच्या दशकात नायलॉन आणि टेरिलीन घरात शिरलं. इस्त्री नको, पटकन वाळतं, म्हणून आईची पिढी त्यावर खूश. पण जुनी झालेली नायलॉनची साडी रंगाला काढली आणि पहिल्याच बादलीत तिचा दगा कळला. सुती धागा हवेतलाच ओलावा आपल्या वजनाच्या आठेक टक्के धरून ठेवतो; नायलॉन साधारण त्याच्या निम्मा, आणि पॉलिएस्टरचा, म्हणजे टेरिलीनचा, आकडा अर्ध्या टक्क्याच्याही खाली. ते घाम, पाणी काहीच पीत नाही. सगळं कातडी आणि कापड यांच्या मधे राहतं. त्यात कापड पातळ. आईने त्या वर्षी साडीवरून टॉवेल गुंडाळून घेतला, आणि तेव्हापासून पाचसहा वर्षं आमच्या गल्लीतल्या बायकांचा रंगाचा पोशाख टॉवेलच होता: साडीवर टॉवेल, पुढे मॅक्सीवर टॉवेल.

रंगही त्याच काळात बदलत होते. माळावरचा पळस शिमग्याच्या आधी फुलतो. त्याची फुलं रात्रभर भिजवून किंवा उकळून केशरी पाणी काढायचं, ते दोनचार धुण्यांत निघायचं. हळदीचा डाग तर मोठा लबाड. साबण लागला की लाल होतो, बायका घाबरतात, आणि उन्हात टाकला की आपोआप उडतो. जुनेर वर्षानुवर्षं चालायचं ते या रंगांच्या भोळेपणावर. पुढे पुडीतला कारखानी गुलाबी आला, हिरवा आला. हे रंग सुतापेक्षा रेशमाला, लोकरीला, नायलॉनला आणि माणसाच्या कातडीला जास्त घट्ट धरतात. म्हणजे कपडा निम्मा सुटला तरी मान, कान, नखं आठवडाभर गुलाबी. तेव्हा कुठे घराघरांत पूर्ण बाह्या आणि खोबरेल तेल यांचा आग्रह सुरू झाला. आदल्या रात्री केसांना, सकाळी हातापायांना तेल चोपडायचं, आणि मग जुन्यातलं जुनं पण अंगभर झाकणारं काही घालायचं. आधी फक्त ‘जुनं’ पुरे होतं.

पंजाबी ड्रेसने खरी दारं उघडली. ऐंशीच्या दशकात आमच्या कॉलेजात तो सर्रास झाला, आणि सायकल, ड्रेस आणि रंग या तिन्ही गोष्टी एकाच वेळी आमच्या हातात आल्या. मुली पहिल्यांदा गल्लीबाहेर रंगायला गेल्या. मीही गेले. गळ्यात ओढणी तशीच ठेवली, कारण ओढणीशिवाय बाहेर पडायची सोय नव्हती, आणि गोवावेसच्या उतारावर ती मागच्या चाकात गेली. मान थोडक्यात वाचली. ओढणी गुलाबी आणि काळी अशी दोन रंगांत घरी आली. आईने पुढच्या वर्षी स्वतःच सांगितलं, ‘ओढणी घरात ठेव गे, वडिलांचा शर्ट घाल वरनं.’ तो वडिलांचा शर्ट पुढे दहा वर्षं आमच्याकडे रंगाचा कपडा होता. सुती, ढगळ, पूर्ण बाह्यांचा, आणि मुख्य म्हणजे पुढे बटणं असलेला. डोक्यावरून ओढून काढायचा ओला कुडता रंग थेट डोळ्यांत नेतो. बटणांचा शर्ट नेत नाही. ही अक्कल कुठल्या दुकानात मिळाली नव्हती.

पांढऱ्या कुडत्याची फॅशन त्यानंतर आली, सिनेमातून आणि जाहिरातींतून. पांढऱ्यावर रंग खुलतो, फोटो चांगला येतो, हे खरंच आहे. टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर वरून पाण्याचे फवारे सोडून, मोठ्या आवाजात गाणी लावून रंग होतो, तिथे बायका-मुली शेकड्यांनी दिसतात. परसातला खेळ तिथपर्यंत आला. पण फवाऱ्याखाली पातळ पांढरं कापड म्हणजे आईच्या नायलॉनचीच पुढची आवृत्ती. मुली आता आत गडद बनियन घालतात, खाली लेगिंगऐवजी ढगळ ट्रॅकपँट. लेगिंग भिजली की उतरत नाही, वळ उठतात. आणि बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर आहे. मार्चमध्ये दुपारी कितीही तापलं तरी सकाळी आठला ओल्या अंगाला वारा झोंबतो. जाड सुती कापड भिजून जड झालं तरी पिळता येतं, हा त्याचा मोठा गुण.

माझ्या भाचीने गेल्या खेपेला वेगळाच प्रयोग केला. आईची खासबागच्या मागावरची एक जुनी सुती साडी, जांभळी, बारीक चौकड्यांची. ती शिंप्याकडून कापून घेऊन तिने ढगळ कुडता आणि सलवार शिवली. पुढे बटणं, बाह्या मनगटापर्यंत. शिलाई नव्या कुडत्याच्या किमतीपेक्षा जास्त पडली म्हणून घरात बोलणी बसली. पण दोन्ही दिवस ती त्याच कपड्यात होती, धुळवडीला आमच्याकडे आणि पंचमीला शहापुरात, आणि मधल्या दिवसांत तो दोरीवर वाळत होता.

आमच्याकडे वाकळ, म्हणजे जुन्या कापडाची गोधडी, शिवायला एक बाई येतात. कानडीत तिला त्या कौदी म्हणतात, आणि बोलताना दोन्ही शब्द वापरतात. घरातलं जुनं कापड त्यांच्यापुढे ओतायचं, त्या चिमटीत धरून बघतात आणि दोन ढीग करतात. आजीच्या शिमग्याच्या जुनेराचा तुकडा, फिका गुलाबी पडलेला, आमच्या एका वाकळेच्या मधोमध अजून आहे. या वर्षी मी तिघींचे छापील पांढरे कुडतेही ओतले. बाईंनी एक उचलला, बोटांत चोळला, सुईचं टोक टोचून पाहिलं. ‘ह्यात सुई घसरते, आणि पांघरलं तर ऊब न्हाई,’ म्हणाल्या, आणि तिन्ही फरशी पुसायच्या ढिगात टाकले. भाचीच्या जांभळ्या कुडत्याला हात लावून विचारलं, ‘हे कधी देणार?’