६१७४ ही ‘कापरेकर संख्या’ नव्हे

देवळालीच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांचं नाव निघालं की ६१७४ आठवतेच, आणि पाठोपाठ ‘कापरेकर संख्या म्हणजे ६१७४’ असं कुणीतरी म्हणतंच. ते चूक आहे. ६१७४ हा कापरेकर स्थिरांक. कापरेकर संख्या वेगळ्या, आणि मला त्याच जास्त देखण्या वाटतात.

स्थिरांक म्हणजे वजाबाक्यांचा मुक्काम. चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची मांडणी वजा करा आणि उत्तरावर पुन्हा तेच करा. कापरेकरांचं जन्मवर्ष १९०५ घेऊ. ९५१० − ०१५९ = ९३५१. पुढे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या वजाबाकीला ६१७४. ती तिथून हलत नाही, कारण ७६४१ − १४६७ म्हणजे पुन्हा ६१७४च. सातपेक्षा जास्त पायऱ्या कुठल्याच संख्येला लागत नाहीत. कापरेकरांना हे सापडलं १९४९ मध्ये. तीन अंकांत असाच मुक्काम ४९५ वर पडतो. पाच अंकांत मात्र तो नाहीच, उत्तरं चक्रात फिरत राहतात.

कापरेकर संख्येला असं कुठे पोचायचं नसतं. तिचा वर्ग करा, मूळ संख्येत जितके अंक तितके उजवीकडून तोडा आणि दोन्ही तुकडे मिळवा: तीच संख्या परत येते. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५. ७७७७ चा वर्ग ६०४८१७२९, आणि ६०४८ + १७२९ = ७७७७. (उजव्या तुकड्यात गणितज्ञ रामानुजनांची १७२९, म्हणजे दोन घनांची बेरीज म्हणून दोन प्रकारे मांडता येणारी सर्वांत लहान संख्या, दिसली की क्षणभर थांबावंसं वाटतं.) ६१७४ चा वर्ग ३८११८२७६, तुकड्यांची बेरीज १२०८७. जमलं नाही.

आता मोठी संख्या घेऊ: १४२८५७, म्हणजे १ ला ७ ने भागल्यावर दशांशचिन्हापुढे फिरून फिरून येणारे अंक. वर्ग २०४०८१२२४४९, आणि २०४०८ + १२२४४९ = १४२८५७. हा योगायोग नाही. डावा तुकडा अ आणि उजवा ब म्हटला, तर वर्ग होतो १०००००० × अ + ब, आणि संख्या अ + ब. वर्गातून संख्या वजा केली की ब उडतो, उरतं ९९९९९९ × अ. म्हणजे १४२८५७ × १४२८५६ या गुणाकाराला ९९९९९९ ने नि:शेष भाग जायला हवा. १४२८५७ ची सातपट नेमकी ९९९९९९ आहे, तेव्हा १४२८५६ ला ७ ने भाग गेला की झालं. तो जातो, आणि भागाकार येतो २०४०८, म्हणजे आपला डावा तुकडाच!

६१७४ आणि १४२८५७ या दोन संख्या एकत्र येतात त्या तिसऱ्याच नावाखाली, आणि तेही कापरेकरांनीच दिलेलं: हर्षद संख्या, जिला तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो. १४२८५७ च्या अंकांची बेरीज २७, भागाकार ५२९१. ६१७४ च्या अंकांची बेरीज १८, भागाकार ३४३, म्हणजे ७ चा घन.