शुगर आहे? मग डोळ्याचा पडदा कधी तपासला?

परळ असो की बोरिवली, शुगरवाल्या माणसाला धूसर दिसायला लागलं की तो आधी चष्म्याच्या दुकानात जातो. शुगर वरखाली झाली की डोळ्यातल्या लेन्सवर परिणाम होऊन नंबर खरंच बदलतो, नवीन चष्म्याने बरं दिसतंही, पण आतला पडदा म्हणजे रेटिना, तो नंबर काढताना कोणी बघितलेलाच नसतो आणि डायबेटिसचा खरा मार तिथेच बसतो.

वर्षानुवर्षं शुगर जास्त राहिली की पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या कमजोर होतात, त्यांना छोटे छोटे फुगे येतात, त्यातून पाझर सुरू होतो. काही वाहिन्या बंदच पडतात, मग उपाशी राहिलेल्या पडद्यावर नवीन वाहिन्या फुटतात पण त्या इतक्या नाजूक की कधी रक्तस्राव होईल सांगता येत नाही. आणि यात दुखत काहीच नाही हो! पडद्याचा मधला भाग सुजेपर्यंत किंवा डोळ्यात रक्त उतरेपर्यंत माणूस दादरला उभा राहून इंडिकेटर आरामात वाचत असतो.

धोका कोणाला जास्त? सगळ्यात आधी बघायचं ते डायबेटिस किती वर्षांचा आहे. टाइप 2 तर कळायच्या आधीच काही वर्षं अंगात असू शकतो, म्हणून निदान झालं त्याच वेळी पडदा दाखवायचा, त्रास सुरू व्हायची वाट बघायची नाही. टाइप 1 मध्ये निदानानंतर 5 वर्षांच्या आत. पुढे साधारण दरवर्षी.

मग येते तीन महिन्यांची शुगर, एचबीए1सी. 1993 साली आलेल्या डीसीसीटी अभ्यासात टाइप 1 वाल्यांनी शुगर काटेकोर सांभाळली तर रेटिनोपॅथी म्हणजे डायबेटिसमुळे पडद्याचा होणारा हा बिघाड, तो नव्याने होण्याचा धोका 76 टक्क्यांनी कमी झाला. पण बीपीकडे आपल्याकडे कोणी डोळ्याच्या नजरेने बघतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं. 1998 च्या ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस अभ्यासात टाइप 2 च्या ज्या पेशंटचं बीपी घट्ट कंट्रोलमध्ये ठेवलं त्यांच्यात रेटिनोपॅथी वाढण्याचं प्रमाण 34 टक्क्यांनी कमी होतं. म्हणजे शुगरची गोळी वेळेवर आणि बीपीची "आज बरं वाटतंय" म्हणून बंद, हे डोळ्याला परवडणारं नाही.

लघवीत प्रोटीन जात असेल, म्हणजे किडनीला मार बसला असेल, तर पडदाही नक्की बघून घ्या. कोलेस्टेरॉल, रक्त कमी असणं, हेही धोका वाढवतात. डायबेटिस आधीपासून असलेल्या ताईला दिवस राहिले तर पहिल्या तीन महिन्यांतच तपासणी हवी, कारण गरोदरपणात पडदा झपाट्याने बिघडू शकतो. आणि एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते: खूप वाढलेली शुगर एकदम खाली आणली तर सुरुवातीला काही जणांचा पडदा थोडा बिघडतो. पण म्हणून औषध सोडायचं नाही, इन्सुलिन किंवा जोरदार औषध सुरू करायच्या आधी डोळे दाखवून घ्यायचे, बस.

तपासणीत थेंब टाकून बाहुली मोठी करतात, त्यात अर्धा तास जातो. नंतर काही तास जवळचं धूसर दिसतं, उजेड डोळ्यात घुसतो, त्यामुळे गॉगल बरोबर ठेवा, त्या दिवशी बाइक चालवू नका, आणि लोकलच्या गर्दीत चढायला घरातलं कोणीतरी सोबत न्या. डॉक्टरांना शुगर किती वर्षं आहे, शेवटचा एचबीए1सी किती आला, बीपी आणि किडनीचे रिपोर्ट काय, हे सगळं आधीच दाखवा.