ढगात कान खोटं बोलतो

फिरत्या खुर्चीवर डोळे मिटून बसा आणि कुणाला तरी ती एकाच वेगाने फिरवत राहायला सांगा. पंधरा-वीस सेकंदांत खुर्ची थांबली असं वाटू लागेल. खरोखर थांबवली, की आपण उलटे गरगरतोय असं वाटेल!

आतल्या कानात द्रव भरलेल्या तीन वळणदार नळ्या असतात. डोकं वळलं की नळी वळते, द्रव मागे रेंगाळतो, त्याच्या रेट्याने जेलीसारखा एक पडदा वाकतो आणि मेंदूला वळण कळतं. तेच वळण चालू राहिलं तर द्रवही नळीच्या वेगाने फिरू लागतो, पडदा सरळ होतो. कानाच्या हिशेबी वळण संपलं.

जमिनीवर ही चूक डोळे निस्तरतात. ढगात शिरलेल्या छोट्या विमानाबाहेर मात्र नुसतं पांढरं असतं. विमान हळूच एका अंगाला कलतं, वैमानिकाला ते सरळच वाटतं. उंची घटताना काट्यावर दिसते, म्हणून तो नाक वर खेचतो. पण पंख कललेले असल्याने ती ओढ वळणातच खर्ची पडते आणि गिरकी आणखी आवळते. यातून सोडवणारं कृत्रिम क्षितिज, म्हणजे विमान किती कललंय ते दाखवणारी तबकडी, समोरच असतं. पण सगळं शरीर एक सांगत असताना तिच्यावर विश्वास ठेवायला खास प्रशिक्षण आणि सराव लागतो. १९५४ साली इलिनॉय विद्यापीठाने असं प्रशिक्षण नसलेल्या २० जणांना बाहेरचं काही दिसणार नाही अशा स्थितीत विमान चालवायला दिलं. विसांचाही ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत.

बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट यांचं हेलिकॉप्टर २०२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या टेकडीवर आदळलं, तेव्हाही हाच भ्रम झाला होता. ‘वर चढतोय’ असं वैमानिक नियंत्रकाला सांगत होता, तेव्हा ते डावीकडे वळत खाली येत होतं.

डोंगरात आणखी एक शत्रू असतो, आणि तो निरभ्र आकाशातही गाठतो. दगडावरून पाणी कोसळावं तसा शिखर ओलांडलेला वारा पलीकडे खाली कोसळतो. तीन हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ७० टक्के असल्याने साधं इंजिन तिथे आधीच धापा टाकत असतं. फुग्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे स्टीव्ह फॉसेट २००७ मध्ये अमेरिकेतल्या सिएरा नेवाडा पर्वतरांगेत छोट्या विमानासह बेपत्ता झाले. अवशेष सापडायला वर्षाहून अधिक काळ गेला. तपासाचा निष्कर्ष असा, की खाली येणारी हवा त्या विमानाच्या चढण्याच्या ताकदीपेक्षा जोरकस होती. इतका मुरलेला माणूस, तोही स्वच्छ हवेत!

म्हणूनच अनुभवी वैमानिक डोंगराच्या धारेला समोरून भिडत नाहीत. सुमारे ४५ अंशांत तिरके जातात, म्हणजे थोडं वळलं की उताराकडे सुटता येतं. दरीतही मधोमध उडत नाहीत, एका कडेने जातात. माघारी वळायला अख्खी रुंदी हाताशी हवी, कारण विरळ हवेत विमानाचा खरा वेग जास्त असतो आणि तेच वळण खालच्यापेक्षा मोठं पडतं.